बसम्माचे निरोप

१

दुकानाच्या पाटीवर अजून माझ्या वडिलांचंच नाव आहे, 'लिंबाजी व्हिडिओ शूटिंग'. त्याखालची ओळ मी नंतर रंगवून घेतली: जुन्या कॅसेटी पेन ड्राइव्हमध्ये करून मिळतील. नांदेडात वजिराबादच्या मागच्या गल्लीत हे दुकान आहे. बाबा आता घरीच असतात. लग्नाच्या शूटिंगची कामं मोबाईलवाल्यांनी नेली, पण बाबांची जुनी यंत्रं चालू ठेवणारी मी एकटीच उरले आणि त्यावरच माझं बरं चाललंय.

मला हे काम आवडतं. लोक कॅसेटी आणून देतात आणि त्यात काय आहे ते स्वतःच विसरलेले असतात. मी ऐकते. कुणाच्या आजोबांची खोकल्याची उबळ, कुणाच्या बारशातली भांडणं. मी त्या घरात कधी गेलेली नसते, पण आठवडाभर त्याच घरात राहते.

ऋतुजा आली तेव्हा तिच्या हातात स्टीलचा डबा होता आणि काखेत एक जुनं आन्सरिंग मशीन. डब्यात आगपेटीएवढ्या कॅसेटी.

"सासऱ्यांची पंच्याहत्तरी आहे गं," ती म्हणाली. "आप्पासाहेबांची. आमचे लोक तेव्हा लातूरला होते. मामंजी मोठे गुत्तेदार, दिवसभर साइटवर, म्हणून फोनवरचे निरोप टेप करणारं हे मशीन घेतलेलं. कोण कोण फोन करायचं, त्यांचे आवाज कार्यक्रमात लावायचेत. आणि..." तिनं डबा काउंटरवर ठेवला. "सासूबाई मागच्या वर्षी गेल्या. तुळजाबाई. त्यांचा आवाज कुठंच नाही, मोबाईलवर पण नाही. ह्याच्यात असला तर बघ."

मी हो म्हणाले.

२

मशीनचा पट्टा सैल झाला होता, तो बदलला. वायर कॉम्प्युटरला जोडली. आवाज चालू झाला की स्क्रीनवर हिरव्या रेघा उठतात, थांबला की सपाट होतात. दुपारी गिऱ्हाईक नसायचं. बाहेर ऊन, आत पंखा आणि माझ्या कानांवर हेडफोन.

प्रत्येक निरोपाच्या आधी एक बारीक शिट्टी वाजे आणि मग लातूरचं ते जुनं घर उघडे. एक मास्तर दरवेळी स्वतःचं नाव सांगायला विसरायचे आणि शेवटी ओरडून सांगायचे. एक व्याही फोनवर कुणी बोलत नाही म्हणून रागवायचा: "अहो, माणूस हाय का भिंत हाय?" मी एकटीच हसायचे.

सिमेंटच्या दुकानदाराचा एक निरोप होता. "आप्पासाहेब, गोण्या धाडल्यात. आज रविवार, तरी दुकान उघडायला लावलाव राव. एवढी काय घाई निघाली?"

त्याच कॅसेटवर पुढं तुळजाबाई सापडल्या. गोड, दमलेला आवाज. "मी माहूरहून बोलतेय. दर्शन छान झालं. उद्या पोराला घेऊन निघते. दूध नासलं असेल तर टाकून द्या, उगं वास करत ठेवू नका. आणि गुरीला म्हणावं, तुझ्यासाठी हिरव्या बांगड्या घेतल्यात."

मी ऋतुजाला लगेच फोन लावला आणि तो निरोप ऐकवला. ती पलीकडं रडायला लागली.

"गुरी कोण?" मी विचारलं.

"असेल कुणी. मामंजींनी बंगल्याशेजारी मुलींचं हॉस्टेल काढलेलं. खेड्यातल्या पोरी शिकायला यायच्या ना लातूरला. एखादी घरातली कामं करून राहायची, फी माफ."

मी कॅसेट पुढं सोडली. शिट्टी वाजली.

"हॅलो... साहेब, मी बसम्मा बोलायले. गुरम्माची अव्वा. निलंग्याकडली. गावची जत्रा हाय, गुरी आली न्हाई. तिला जरा देता का फोन?"

फोनवर बोलायची सवय नसलेली बाई होती. शेवटी ती बराच वेळ तशीच थांबली, कुणीतरी गुरीला बोलवायला गेलं असेल असं समजून.

३

बसम्माचे निरोप नंतर वाढत गेले. इतर आवाजांमध्ये एखादा, मग दोन, मग सलग.

"साहेब, गुरी पळून गेली म्हणून तुमी निरोप धाडलाव. कुणासंगं? ट्रकवाल्यासंगं म्हणताव. माझी पोरगी ट्रकचा आवाज आला तरी रस्ता सोडून उभी राहती, साहेब."

"साहेब, फोन उचला की. तुमी घरी हाव."

हे ऐकताना मला पहिल्यांदा खटकलं. तिच्या आवाजामागं आणखी काहीतरी होतं. मी आवाज वाढवला. कुणीतरी श्वास घेत होतं. जाड, सावध, नाकातून घेतलेला पुरुषी श्वास. बसम्माचा नव्हता, कारण ती बोलत असतानाही तो चालू होता.

मी स्वतःला समजावलं. मोठ्या बंगल्यात दुसऱ्या खोलीत जोडफोन असतो. तो कुणी उचलून नुसता कानाला धरला तर त्याचा श्वास टेपवर येऊ शकतो. म्हणजे आप्पासाहेब ऐकत उभे राहायचे आणि बोलायचे नाहीत. वाईट आहे, पण अशक्य काही नाही.

पुढचा निरोप लागला. या वेळी बसम्माचा आवाज हळू होता, आधीसारखी घाई नव्हती.

"साहेब, काल मी लातूरला येऊन गेले. तुमी भेटला न्हाईत. मागच्या अंगाला पाण्याचा हौद हाय तुमचा, त्याला नवं झाकण बसवलंय. सिमेंट अजून कच्चं होतं. हौदाच्या कडंला गुरीच्या चपला होत्या. पळून जाणारी पोरगी अनवाणी जाती का, साहेब?"

मी हेडफोन काढले. मला सिमेंटवाल्याचा निरोप आठवला, रविवारचा. तुळजाबाई तेव्हा माहूरला होत्या. बंगल्यात आप्पासाहेब एकटे होते, आणि गुरी.

पंखा फिरत होता. गल्लीत भाजीवाला ओरडून गेला. मी उठून दुकानाबाहेर पायरीवर जाऊन बसले आणि बराच वेळ आत गेले नाही.

४

ऋतुजाला मी एवढंच सांगितलं की एका बाईचे तक्रारीचे फोन आहेत.

"ते काढून टाक बाई," ती म्हणाली. "कार्यक्रमात कशाला?"

मी काढून टाकले. कॉम्प्युटरवर निवडून एकेक निरोप कापला आणि उरलेलं जोडून ठेवलं. दुसऱ्या दिवशी तपासायला लावलं. मास्तर, व्याही, सिमेंटवाला, तुळजाबाई. मग शिट्टी, आणि बसम्मा.

चुकून जुनीच फाइल उघडली असेन, म्हणून मी पुन्हा कापलं. या वेळी नावही बदलून ठेवलं. चहा पिऊन आले आणि लावलं.

शिट्टी.

"बाई, तू ऐकायलीस ना?"

मी एका हातानं हेडफोन कानावर दाबला.

"मला म्हाईत हाय तू ऐकायलीस. तू बाईमाणूस. काल कट केलंस. आज करू नको."

मी मनातल्या मनात झटपट हिशोब मांडला. ती तुळजाबाईंना बोलतेय. माहूरहून परत आल्यावर तुळजाबाईंनी एकदा फोन उचलला असेल आणि ठेवून दिला असेल. त्याला 'कट केलं' म्हणतात. सरळ आहे. टेपवर हा निरोप आधीपासून असणार, माझ्या ऐकण्यातून निसटला असणार.

सगळं पटण्यासारखं होतं. फक्त माझा हात माउसवरून उचलला जात नव्हता.

"ती अंधारात हाय," बसम्मा म्हणाली. आणि रेघा सपाट झाल्या.

त्या दिवशी मी काही कापलं नाही.

५

आवाज कुणाकुणाचे ते विचारून घे, असं ऋतुजानंच सांगितलं म्हणून मी त्यांच्या घरी गेले. सकाळची वेळ होती. आप्पासाहेब व्हरांड्यात खुर्चीत बसून संत्रं सोलत होते. उंच, गोरे, पांढरीशुभ्र बंडी. मला बघून इतकं मोकळं हसले की मला माझ्याच मनाची लाज वाटली.

"ये बेटा, बस. लिंबाजीची पोरगी ना तू? तुझ्या बापानं आमच्या घरचं लग्न शूट केलंय. घे, संत्रं घे."

मी नावं वाचत गेले. मास्तरांचं नाव ऐकून ते हसले. व्याह्याचं ऐकून म्हणाले, "लई तापट माणूस. मेला बिचारा." तुळजाबाईंचा निरोप मी मोबाईलवर ऐकवला. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"आणि एक बसम्मा म्हणून आहेत," मी म्हणाले.

त्यांची बोटं संत्र्यात थांबली. चेहऱ्यावर काहीच बदललं नाही. नुसती बोटं थांबली.

"ती टेप तुला कुठं मिळाली?"

"ह्याच डब्यात होती."

"नसंल." ते शांतपणे म्हणाले. "ती टेप मी जाळली. लातूरच्या गच्चीवर, रॉकेल टाकून. माझ्या हातानं."

आपण काय बोललो ते त्यांना मागून कळलं. त्यांनी आत बघितलं. ऋतुजा स्वयंपाकघरात होती.

"येडी बाई होती," ते म्हणाले. "पोरगी पळून गेली आन् आईच्या डोक्यावर परिणाम झाला. लोकांना तरास द्यायची. कापून टाक ते सगळं. कापशील ना बेटा?" आणि मग त्याच प्रेमळ आवाजात, "तुझं दुकान ज्या गाळ्यात हाय ना, त्याचा मालक माझ्या उठण्या-बसण्यातला हाय."

मी उठले. हातात त्यांनी दिलेली संत्र्याची फोड होती. फाटकाबाहेर आल्यावर ती गटारात टाकली.

जाळलेली टेप वेगळी असेल, असं मी रिक्षात म्हणत होते. म्हाताऱ्या माणसाची आठवण गोंधळते. पण बोटं थांबलेली मी पाहिली होती.

६

बसम्मानं मधल्या एका निरोपात गावाचं नावही सांगितलं होतं. मी लातूरची बस धरली, तिथून निलंग्याची, तिथून जीप. बाबांना सांगितलं, मैत्रिणीकडं जातेय.

गावात विचारलं तर लोकांनी पिठाच्या गिरणीकडं बोट केलं. गिरणी संगप्पाची, गुरम्माच्या धाकट्या भावाची. भुवयांपर्यंत पीठ उडालेला चाळिशीचा माणूस. मी कोण, कशाला आले, ते ऐकून त्यानं गिरणी बंद केली. अचानक एवढी शांतता झाली की माझा आवाज मला मोठा वाटला.

"अव्वाचा आवाज हाय तुमच्याकडं?"

मी मोबाईल पुढं केला. जत्रेचा निरोप लावला. तो खाली उकिडवा बसला आणि कान जवळ आणला. रडला नाही. नुसती मान हलवत राहिला.

"अव्वाच हाय. लावा पुढं."

मी चपलांचा निरोप लावला. तो संपला तेव्हा संगप्पा माझ्याकडं बघत होता.

"हे कवा बोलली?"

"लातूरहून परत आल्यावर. दुसऱ्या दिवशी. 'काल येऊन गेले' म्हणतात ना त्या."

"ताई," तो म्हणाला, "अव्वा परत आलीच न्हाई. साहेबाच्या घरनं बसस्टँडवर आली आन् बाकड्यावर बसल्या जागी गेली. मामानं जीप करून आणली तिला. अक्काच्या चपला मांडीवर धरल्या होत्या. बोटं सोडवेनात, तसंच न्हेलं."

"मग हा आवाज दुसऱ्या कुणाचा असेल? मावशी, आत्या?"

"मावशी न्हाई आमाला. आन् मी आवाज वळखत न्हाई व्हय माझ्या अव्वाचा?"

गिरणीच्या पत्र्यावर चिमण्या होत्या. त्यांच्या पायांचा आवाज येत होता.

"पोलिसांत गेला नाहीत?" मी विचारलं.

"मामा गेलता. हाकलून दिलं. साहेब लई मोठा माणूस." त्यानं हातावरचं पीठ झटकलं. "अजून जित्ता हाय का तो?"

"आहे. पंच्याहत्तरी आहे रविवारी. हॉल घेतलाय, लोक येणार आहेत."

संगप्पा उठला आणि गिरणीच्या पट्ट्याला हात लावला.

"मग ऐकू दे की त्याला," तो म्हणाला, आणि गिरणी चालू केली.

७

रविवारी नांदेडच्या त्या मंगल कार्यालयात दुपारच्या जेवणाआधी कार्यक्रम ठेवला होता. आप्पासाहेब स्टेजवर मखमली खुर्चीत, गळ्यात हार, समोर तिवईवर माइक. मी कोपऱ्यात लॅपटॉप आणि मिक्सर घेऊन बसले होते. बसम्माचे सगळे निरोप मी ठेवले होते. मी घाबरले होते, पण मला ते सगळ्यांना ऐकवायचे होते. इतकं नक्की मला आयुष्यात कधीच काही हवं नव्हतं.

मास्तरांच्या आवाजाला लोक हसले. तुळजाबाईंच्या आवाजाला बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मग शिट्टी वाजली.

स्पीकरमधून काहीच आलं नाही.

मी मिक्सर बघितला. सगळं चालू होतं. स्क्रीनवर हिरव्या रेघा उठत होत्या, पडत होत्या. कुणीतरी बोलत होतं. हॉलमध्ये फक्त पंख्यांचा आवाज. लोक एकमेकांकडं बघायला लागले.

तेवढ्यात आप्पासाहेबांनी उजवा हात उचलला. बोटं वळली, जणू काही हातात आलं, आणि मूठ कानाला लागली.

"हॅलो," ते म्हणाले. माइकमधून ते सगळीकडं घुमलं.

ऋतुजा पहिल्या रांगेत उभी राहिली.

"हाव, मीच बोलतो... हाव, ऐकायलोय."

माझ्या स्क्रीनवर रेघा उठल्या. त्या थांबल्या की ते बोलत. ते थांबले की रेघा पुन्हा उठत.

"न्हाई. पळाली न्हाई."

रेघा.

"मी न्हाई ढकललं."

रेघा कितीतरी वेळ उठत राहिल्या. आप्पासाहेबांच्या कपाळावरून घाम ओघळून हारात जात होता.

"हाव," ते म्हणाले. "ढकललं. वरडली म्हणून ढकललं."

त्यांच्या मुलानं स्टेजवर चढून माइक ओढून घेतला. त्याचा काही उपयोग झाला नाही. हॉल इतका गप्प होता की शेवटच्या रांगेलाही ऐकू येत होतं.

"न्हाई, लगेच न्हाई. झाकण घातलं तवा जित्ती होती... सिमेंट वाळस्तोवर हाका मारत होती."

मुलगा त्यांचा हात खाली ओढत होता. हात कानापासून हलत नव्हता.

स्क्रीनवर एकच छोटी रेघ उठली. छोटासा प्रश्न असावा.

आप्पासाहेबांचा चेहरा पहिल्यांदा वेडावाकडा झाला.

"तुमालाच," ते म्हणाले. "अव्वा, अव्वा म्हणत होती."

८

लातूरच्या त्या जागेवर आता कोचिंग क्लासची इमारत आहे. मागची फरशी उखडली तेव्हा संगप्पा तिथं होता. जे निघालं ते पोलिसांनी पांढऱ्या कापडात नेलं आणि नंतर त्याच्या हवाली केलं. मी गेले नाही. त्यानं फोनवर एवढंच सांगितलं की अक्काला अव्वाच्या शेजारी ठेवलं.

आप्पासाहेबांवर गुन्हा दाखल झाला, पण त्यांना कुठं नेण्यासारखं काही उरलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, झटका आलाय, हात आखडलाय. त्यांना घरीच ठेवलं, दारात एक पोलीस बसवला. ते जेवत नव्हते. मूठ कानाला लावून दिवसभर ऐकत. मधूनच लहान मुलासारखं विचारत, "ठेवू का आता?" मग थांबत, उत्तर ऐकत, आणि पुन्हा ऐकत राहत.

ऋतुजानं मला बोलावलं. तिच्याशी नजर मिळवणं अवघड जाईल असं वाटलं होतं, पण तीच खाली बघत होती.

"मी त्यांची बाजू घेत नाही," ती म्हणाली. "पण बघवत नाही गं. तू ते लावलंस. तुझ्याकडं काही असेल तर... बघ ना, सुटतंय का."

काय बघायचं ते तिलाही माहीत नव्हतं, मलाही. ती पाणी आणायला गेली. खोलीत आम्ही दोघं. खिडकीतून चांगलं ऊन येत होतं. गोळ्यांचा आणि फिनाइलचा वास होता. आप्पासाहेब वाळून अर्धे झाले होते. अंगातली ताकद संपत आली होती, आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यांचा हात पहिल्यांदा कानापासून सुटला. हळूहळू घसरत उशीवर आला.

त्यांनी डोळे मिटले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर आराम दिसला.

मी वाकले. का वाकले ते सांगता येणार नाही. त्या रिकाम्या मुठीजवळ मी माझा कान नेला.

आधी काही नव्हतं. मग आत कुठंतरी, खूप खाली, कशावर तरी बोटांची हाडं आपटत होती. एका लयीत, थकून, थांबून, पुन्हा. आणि पाण्यावरून घुमून येतो तसा एका पोरीचा आवाज. बसम्माचा नव्हे. बसम्मा इतके दिवस फोन धरून कुणासाठी उभी होती, ते मला तेव्हा कळलं.

आप्पासाहेबांनी डोळे उघडले. या वेळी ते मलाच विचारत होते.

"ठेवू का, बेटा?"

बाहेर ऋतुजाची पावलं वाजली. मी आप्पासाहेबांचं मनगट धरलं. हलकं होतं, वाळलेल्या तुराटीसारखं. मी त्यांचा हात उशीवरून उचलला, मूठ नीट कानाला लावली आणि ती पुन्हा घट्ट बसेपर्यंत दाबून धरली.

"नाही," मी म्हणाले. "ती बोलतेय अजून."